शेवटची रेघ

माझ्या बंगाली कादंबरीच्या अनुवादाचं मुखपृष्ठ करणाऱ्या तरुण चित्रकाराला शीर्षकासाठी हस्ताक्षरासारखा, नजाकतीचा फॉन्ट हवा होता. देवनागरीत मनासारखा सापडेना. मी आईची जुनी पत्रं काढून दिली. आमच्या गावात लग्नपत्रिकांवर नावं घालायला लोक तिच्याकडे येत. आता तिचा हात थरथरतो.

त्याने पत्रांतून अक्षरं वेचायला घेतली आणि काम किती मोठं आहे ते आम्हां दोघांनाही कळलं. एका 'र'चीच किती रूपं: 'र्क'वरचा रफार, 'क्र'मधली तिरकी रेघ, 'ट्र'खालचा कोन, 'ऱ्य'मधली चंद्रकोर. 'ङ्म' तर आईने कुठे लिहिलाच नव्हता. 'वाङ्मय' हा शब्द तिच्या पत्रांत येणार तरी कसा? तो 'ड'वरून बेतावा लागला. शिवाय हाताने लिहिलेले दोन 'क' कधी सारखे नसतात. हेरमान झाप्फ यांच्या १९९८च्या झाप्फिनो या रोमन फॉन्टमध्ये एकेका अक्षराला अनेक पर्याय आहेत, ते याचसाठी. आम्ही 'क'चे तीन केले. शेजारचं अक्षर पाहून संगणक त्यांतला एक निवडतो.

खरी अडचण शिरोरेषेची होती. आई आधी सगळा शब्द लिहायची, मग वर एक रेघ ओढायची. ती शेवटाकडे जरा चढायची. घाईत असली तर शब्दापुढेही जायची. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं. कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी बसणार, म्हणून सगळे तुकडे एकाच उंचीवर, एकाच जाडीचे असावे लागतात. चढ काढून टाकावा लागला.

मुखपृष्ठाचा नमुना आईला दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला.

"छान आहे गं. कुणाचं अक्षर?"

"तुझंच की."

"माझं? मी रेघ इतकी सरळ कधी ओढली?"

चित्रकाराची चूक नव्हती. तुकड्यांनी चाललेलं काम तसंच चालायचं. पण मला माझं काम आठवलं. अनुवादात मीही एकेक वाक्य सुटं करते आणि ते शेजारच्याशी नीट जुळावं म्हणून घासते. लेखिकेचं वाक्य मात्र शेवटाकडे चढत जातं, कधी पूर्णविरामापुढेही रेंगाळतं. वाचकाला अडखळायला नको, असं म्हणत मी ते किती ठिकाणी समतल केलं होतं!

मुखपृष्ठ तसंच छापायला गेलं; फॉन्ट देखणा आहेच. त्या रात्री मी प्रुफं पुन्हा उघडली आणि पहाटेपर्यंत सात वाक्यं वाकडी केली.