शिमलाफणी

"शू! इथे बोलायचं नाही!" हे आम्ही इतक्या मोठ्याने म्हणालो की लायब्ररीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मुलांपेक्षा आमचाच आवाज मोठा होता, पण ते तेव्हा काही लक्षात आलं नाही.

झालं होतं असं. आमचा थोरला पाच वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. दोघंही अशी की 'चळवळी' हा शब्द अपुरा पडावा. एका शनिवारी हौसेने दोघांना लायब्ररीत नेलं. पाच मिनिटांत धाकटीने खालच्या कप्प्यातली अख्खी रांग जमिनीवर ओढली आणि थोरला दोन कपाटांमधल्या बोळातून आगगाडी होऊन धावू लागला. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. बास! एकाला काखोटीला मारून आणि दुसरीला खांद्यावर टाकून आम्ही तडक गाडी गाठली. पुढे दोन महिने तिकडे फिरकलो नाही. घरी होती ती पुस्तकंसुद्धा रात्री दहा वाजता, चोरासारखी, दाराबाहेरच्या पेटीत टाकून आलो.

आम्हाला कोणी काही बोललं होतं का? नाही. मग एवढी लाज कशाची वाटली? मंडळी, तुम्हीही आमच्यासारखेच तालुक्याच्या गावात वाढला असाल तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आमचं लहानपणीचं वाचनालय म्हणजे एक लांबलचक टेबल, पलीकडे कुलपातली कपाटं, भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी आणि अनामत रकमेची पावती. पुस्तक हाताळून निवडायची सोय नव्हती. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि मिळेल ते घेऊन निमूट घरी जायचं. त्यात परदेशात आल्यावर आणखी एक भीती चिकटते: आपली मुलं दंगा करताना दिसली तर 'हे लोक असेच' असं कोणाला वाटेल का?

त्या दोन महिन्यांत घरात आणखी एक गोष्ट घडत होती. थोरला बालवाडीत जायला लागला आणि मराठी बोलेनासा झाला. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. समजायचं सगळं, पण तोंडातून मराठी शब्द निघत नसे. "होईल हळूहळू," असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. होत मात्र काहीच नव्हतं.

जूनमध्ये आजी आल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. टेक्सासच्या उन्हाळ्यात पारा शंभरी ओलांडतो, बाहेर पाऊल टाकवत नाही आणि गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात अडकतो. आठवड्याभरात त्यांनी सगळी कपाटं आवरून टाकली आणि विचारलं, "काय रे, एवढ्या मोठ्या गावात वाचनालय नाही?"

आहेत की, एक सोडून पाच! प्लेनोच्या रहिवाशाला कार्ड फुकट मिळतं. आम्ही चाचरत मुलांचा पराक्रम सांगितला. "मुलं दंगा नाही करणार तर काय मी करणार? चला!" असं म्हणून त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

कस्टर रोडवरच्या शाखेचं नाव शिमेलफेनिग. आम्हाला इतक्या वर्षांत ते धड उच्चारता आलेलं नाही. आजींनी पाटीकडे पाहिलं, आम्हाला नाव वाचायला लावलं आणि पहिल्याच झटक्यात त्याची 'शिमलाफणी' करून टाकली. आता आमच्या घरात ते तेच आहे.

आत गेल्यावर त्या सरळ मुलांच्या विभागात बुटक्या खुर्चीवर बसल्या. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं. चित्रं पाहून एक अस्वलाचं पुस्तक उचललं आणि चक्क मराठीत गोष्ट सुरू केली. पुस्तकात काय लिहिलं होतं देव जाणे, पण आजींच्या गोष्टीतलं अस्वल गुळाच्या ढेपेसाठी बाजारात निघालं होतं. धाकटी मांडीवर चढली. आगगाडी दोन फेऱ्या मारून थबकली आणि म्हणाली, "आजी, इट्स नॉट गूळ, इट्स हनी!" आजी म्हणाल्या, "तुझ्या अस्वलाला मध, माझ्या अस्वलाला गूळ. तू सांग बरं तुझं."

तेवढ्यात लायब्रेरियनबाई आमच्याकडे येताना दिसल्या. आमच्या पोटात गोळा! आता 'हळू बोला' म्हणणार. त्यांनी एवढंच विचारलं, की ही कोणती भाषा? मग आजींसाठी पाठ टेकायची मोठी खुर्ची ओढून आणली आणि जाता जाता सांगितलं, की काढलेली पुस्तकं कपाटात परत लावू नका, गाडीवर ठेवा, आम्ही जागेवर लावतो. म्हणजे धाकटीच्या त्या अख्ख्या रांगेचीही सोय होतीच!

रात्री जेवताना आजींनी त्यांच्या माहेरची, बडोद्याची गोष्ट काढली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत त्या लहानपणी भावाबरोबर जायच्या. तिथली काचेची जमीन पाहून आधी भीतीच वाटायची म्हणे. "आम्हाला कोणी शू केलं नाही. तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

आम्ही गप्प. मग हौसेने वाचलं तेव्हा कळलं, की सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात इथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली. १९१० मध्ये त्यांनी कनेटिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावलं. तीन वर्षांत बोर्डनसाहेबांनी राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत जाऊ लागली. सेंट्रल लायब्ररीत बायकांसाठी वेगळी सोय झाली आणि मुलांसाठी खेळण्यांसकट वेगळी खोलीही! गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बऱ्याच वाचनालयांत लहान मुलांना मज्जाव होता. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात १८९६ मध्ये मुलांचं स्वतंत्र दालन झालं तेव्हा ते मोठं नवल होतं. म्हणजे अमेरिकेची ही नवलाई काही वर्षांतच बडोद्याला पोचली होती. आजी तिथे बसून आल्या होत्या आणि आम्ही प्लेनोत राहून मनातलं टेबल आणि कुलूप सोडायला तयार नव्हतो.

त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा शिमलाफणी ठरलेली. काही गोष्टी अनुभवाने शिकलो, त्या तुमच्यासाठी: आधी मुलांना बाहेर मनसोक्त पळवून आणायचं, पोट भरलेलं असू द्यायचं, सकाळी दार उघडल्याबरोबर जायचं आणि रडारड सुरू व्हायच्या आत निघायचं. वीस मिनिटं झाली तरी पुष्कळ. थोरल्याच्या नावाचं कार्डही करून घेतलं. ते तो उशीखाली घेऊन झोपतो.

नोव्हेंबरात आजी परत गेल्या. विमानतळावरून येताना गाडीत कोणी बोललं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही धाकधूक करतच मुलांना घेऊन गेलो. थोरल्याने अस्वलाचं पुस्तक शोधून काढलं, बुटक्या खुर्चीवर बसला आणि बहिणीला सांगू लागला: "एक होता अस्वल. तो बाजारला गेला. त्याला पायजे होता गूळ."

व्याकरणाच्या चुका आम्हाला दिसत होत्या, पण आम्ही तोंडातून ब्र काढला नाही. धाकटी ऐकता ऐकता एका हाताने खालच्या कप्प्यातली पुस्तकं ओढत होती. आम्ही ती एकेक उचलून गाडीवर ठेवत राहिलो.