एकोडीच्या वाटेवरील चाकांची भाषा

नागपूरहून रायपूरकडे जाणारा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भंडाऱ्यापुढे वैनगंगा ओलांडून लाखनीमार्गे साकोलीस पोहोचतो. याच साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. भाताची खाचरे व मालगुजारी काळातील तलाव पाहून नेत्र निवतात. परंतु मोटारीने जाणाऱ्याने या मुलखात कानही जागे ठेवावेत. महामार्गावरील मालमोटारींच्या गर्जनेत आपल्या गाडीचा आवाज लोपतो. आतल्या शांत रस्त्यावर तो स्पष्ट ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्यात साकोली सोडून आम्ही एकोडीकडे वळलो, तोच चाकांतून घरघर ऐकू आली. बरोबर मुले व वृद्ध मातोश्री होत्या. पुढे जावे की परतावे, हा प्रश्न पडला. मातोश्री म्हणाल्या, “अरे, आख कुरकुरला की गाडीवान आधी खाली उतरतो!”

आम्ही उतरून चारही चाकांचे नट तपासले. ते घट्ट होते. मग सावकाश निघालो. वेगाबरोबर घरघर वाढे व गिअर काढूनही ती राही. अर्थात दोष इंजिनाचा नव्हता. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो. नेमका तेव्हाच आवाज चढे. संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर आला. आम्ही साकोलीस परतलो. कारागिराने पुढचे उजवे चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले, तेव्हा स्प्रिंगवर ठेवलेल्या दुसऱ्या हातास खरखर जाणवली. वर-खाली धरून हलविताच चाक डुगडुगले. बेअरिंगमध्ये पाणी शिरून वंगण निकामी झाले होते. ते बदलून आम्ही दिवस मावळण्यापूर्वी एकोडीस सुखरूप पोहोचलो.

प्रत्येक आवाजाचा अर्थ निराळा असतो. खड्ड्यातून जाताना ठकठक झाल्यास बुश, बॉल जॉइंट किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहावा. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर कटकट झाल्यास चाकास शक्ती पोचविणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असू शकतो. चाकाच्या फेऱ्यागणिक टिकटिक झाली, तर टायरात खडा रुतला असेल. पण नटही सैल असू शकतो. तेव्हा तत्काळ थांबून नट आवळावेत, कारण निखळलेले चाक दुसरी संधी देत नाही.

ज्या गाडीत घरची माणसे बसतात, तिची कुरकुर रेडिओचा आवाज वाढवून झाकू नये.