सेकंड हँड करवत आणि फर्स्ट क्लास इंजिनिअर

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरच्या आदल्या रात्री अण्णांचा फोन आला. मला वाटलं, 'अभ्यास झाला का' म्हणून विचारतील. पण त्यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"भिशी लागली. पंचेचाळीस हजार. कोल्हापुरात एक कटिंगचं मशीन हाय विकायला. सेकंड हँड. तू तपासायला चल."

"मी?"

"मग? तीन वर्षं काय गवत उपटायला धाडलाय व्हय तुला?"

मित्रांनो, मेकॅनिकलच्या मुलाचं दुःख मेकॅनिकलच्याच मुलाला कळतं! गावात कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या विहिरीवरची मोटर जळाली, कुणाच्या स्कूटरला किक बसेना, की बोलाव त्या इंजिनिअरला. आणि आम्ही? आम्ही स्लायडर क्रँकचं व्हेलॉसिटी डायग्राम काढणारे! स्क्रू ड्रायव्हर उलटा धरतो हे घरी कोणाला सांगणार?

पण ही गोष्ट मिक्सरची नव्हती. अण्णा सुतार. कराडजवळच्या आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये चौकटी, दारं, खिडक्या करतात. लाकूड उभं फाडायला त्यांच्याकडे जे 'मशीन' होतं, ते म्हणजे हातातलं कटर उलटं करून प्लायवूडच्या टेबलाखाली आवळलेलं आणि त्याचं बटण दाबलेलं राहावं म्हणून सुतळीनं बांधलेलं. बंद करायचं तर भिंतीवरचा स्विच, तो चार पावलांवर. असली टेबलं तुम्ही कुठल्याही साईटवर बघाल. मी लहानपणापासून ते बघत आलो आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आणि ते पंचेचाळीस हजार म्हणजे ऑगस्टमध्ये भरायचा माझ्या लास्ट इयरच्या फीचा दुसरा हप्ता होता, हेही मला ठाऊक होतं.

पेपर झाल्यावर मेट्रॉलॉजी लॅबच्या मामांना गाठलं. "दोन दिवसांत परत आणतो" अशी आईची शपथ घेऊन डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि फीलर गेज मिळवले. रात्रभर बसून चौदा मुद्द्यांची चेकलिस्ट केली. फाईलला कव्हरसुद्धा लावलं. व्हायवाला इतकी तयारी केली असती तर एटीकेटी लागली नसती!

एसटीत मी अण्णांना माझं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. म्हटलं, अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या माणसानं १९९९ मध्ये एक युक्ती काढली. चालत्या ब्लेडला माणसाचं बोट लागलं तर विजेच्या सिग्नलमधला फरक मशीन ओळखतं आणि ब्रेक मारून ब्लेड सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबवतं. बोटाला नुसता ओरखडा!

अण्णांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "आणि ओलं लाकूड लागलं तर?"

मी गप्प. कारण हीच त्या मशीनची खरी अडचण आहे. फार ओल्या लाकडालाही ते कधी कधी बोट समजतं, आणि एकदा ब्रेक पडला की ब्रेकही नवा घ्यायचा, ब्लेडही नवं. माणूस सातवी शिकलेला, पण नेमका व्हायवातला प्रश्न विचारला!

कोल्हापूरला उद्यमनगरात उतरलो. फौंड्री आणि लेथच्या आवाजात एका बोळात मिस्त्रींची शेड. मुलगा पुण्याला नोकरीला, कामं कमी, म्हणून शेड बंद करायची होती. कोपऱ्यात मशीन झाकून ठेवलेलं. राजकोट बनावटीचं, बिडाचं टेबल, १२ इंची ब्लेड, खाली ३ एचपीची मोटर. सहा महिने बंद. सांगितलेली किंमत ३८ हजार. मिस्त्रींनी ताडपत्री काढली तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं.

मी चेकलिस्ट काढली. अण्णांनी खिशातून तीन वस्तू काढल्या. एक रुपयाचं नाणं, एक छोटी हातोडी आणि फूटभर लाकडी पट्टी, जिच्या टोकाला एक स्क्रू आडवा बसवलेला.

आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाकला. मग अण्णांनी हातोडीनं टेबलावर जागोजागी हलकेच ठोकलं. बीड अखंड असलं तर खणखणीत वाजतं, तडा असला तर बद्द आवाज येतो. चारी कोपरे वाजले. वरचा गंज बघून मी नाक मुरडलं तर म्हणाले, "गंज पालिश पेपरनं जातो. तडा जात न्हाई." एका वाक्यात त्यांनी माझ्या चेकलिस्टचे दोन भाग करून टाकले. बदलता येणाऱ्या गोष्टी आणि न बदलता येणाऱ्या गोष्टी. बेल्ट, बेअरिंग, ब्लेड, मोटर हे सगळं पैशाचं काम. टेबल वाकलेलं, बॉडी फुटलेली किंवा शाफ्ट झिजलेला असला तर ते मशीन फुकटसुद्धा महाग.

ब्लेड काढलं. शाफ्ट हातानं फिरवला. डाव्या बाजूला खरखर. "६२०५ नंबरचं बेअरिंग," अण्णा म्हणाले, "कुठंबी मिळतं." मग माझी पाळी. ब्लेड ज्या फ्लँजला टेकतं तिच्या कडेला डायल गेज लावून शाफ्ट हळूहळू फिरवला. काटा ०.०४ मिलिमीटर हलला. फ्लँजची त्रिज्या ४० मिमी, ब्लेडची १५२, म्हणजे दातांपाशी तीच चूक जवळपास चौपट, ०.१५ मिमी. चौकटींच्या कामाला चालण्यासारखी. मिस्त्री कौतुकानं बघत होते. माझी कॉलर ताठ!

टेबलावर पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघितला. ठीक. मग ब्लेड परत बसवलं आणि ते टेबलातल्या खाचेला समांतर आहे का ते बघायचं ठरलं. मी मॅग्नेटिक स्टँड जुळवत बसलो तोवर अण्णांनी स्क्रूची पट्टी खाचेतल्या गाईडला धरली, पुढच्या बाजूच्या एका दाताला खडूनं खूण केली आणि स्क्रू त्याला जेमतेम घासेल असा लावला. तोच दात फिरवून मागच्या बाजूला नेला, पट्टी मागं सरकवली. स्क्रू दातावर चांगलाच अडकला. "मागं फेन्सकडं आलंय," ते म्हणाले. माझं डायल गेज पाच मिनिटांनी तेच बोललं, फक्त आकड्यात. ०.६ मिमी. दोघांचं एकमत, पण अण्णांच्या गेजची किंमत दोन रुपये!

मग मोटर चालू केली. नाणं टेबलावर उभं ठेवलं, ते लगेच आडवं झालं. मी घाबरलो. अण्णा हसले. "बेल्ट सहा महिनं एका जागी बसून आखडलाय. पेपरच्या दिवसांत तू आखडतोस तसा." पंधरा मिनिटं मशीन तसंच फिरू दिलं, मग नाणं उभं राहिलं. प्लेटवर २८८० आरपीएम, दोन्ही पुली सारख्या मापाच्या, म्हणजे ब्लेडचा वेगही तेवढाच, ब्लेडवर छापलेल्या मर्यादेच्या आत. पण मोटर थ्री फेज आणि आमच्या शेडमध्ये सिंगल फेज. मोटर बदलावी लागणार.

मशीन बंद करून ब्लेड पूर्ण थांबू दिलं. माझी चौदाच्या चौदा कलमं तपासून झाली होती. मी पेन बंद केलं. तेवढ्यात भिंतीला टेकवलेले लाकडाचे तुकडे दिसले. प्रत्येकाच्या एका अंगाला करपलेले काळे पट्टे. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. चेकलिस्टमध्ये पंधरावं कलमच नव्हतं!

"मिस्त्री, ब्लेडच्या मागचं पातं कुठं आहे? आणि वरचं झाकण?"

"ते व्हय? घेतल्या दिवशीच काढलं. मधी येतं." त्यांनी माळ्याकडे बोट केलं. "गेलं असंल भंगारात."

अण्णाही म्हणाले, "समदी काढत्यातच की."

इथं मात्र मला तीन वर्षांत पहिल्यांदा आपण काहीतरी शिकलोय असं वाटलं. मी जमिनीवर खडूनं ब्लेड काढलं. पुढचे दात खाली जातात, लाकूड टेबलावर दाबून कापतात. मागचे दात मात्र खालून वर येतात. लाकूड फाडताना त्यातला ताण सुटून फाट मागं मिटली, किंवा ब्लेडची मागची बाजू फेन्सकडे झुकलेली असली, की लाकूड तिथं चिमटतं. आधी ते घासून करपतं. मग एखाद्या दिवशी मागचे दात त्याला उचलतात आणि उभ्या माणसाच्या अंगावर फेकतात. किती वेगानं? १२ इंची ब्लेडचा परीघ ०.९६ मीटर, सेकंदाला ४८ फेरे, म्हणजे दातांचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास. आणि लाकूड ढकलणारा हात लाकूड गेल्यावर कुठं जातो? पुढं. ब्लेडवर. ब्लेडमागचं ते पातं, ज्याला रायव्हिंग नाईफ म्हणतात, फक्त एवढंच करतं. फाट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत जाऊ देत नाही.

मिस्त्री बराच वेळ खडूच्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाभळीची फळी होती. निम्मी कापली आन् आली की अंगावर. मला वाटलं माझाच हात घसरला. धा वर्षं मी तेच सांगतोय सगळ्यांला... माझा हात घसरला म्हणून."

कुणीच काही बोललं नाही.

चहा आला. अण्णांनी प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीनं हिशोब मांडला. मागणी ३८ हजार, सिंगल फेज मोटर १३, बेअरिंग-बेल्ट २, ब्लेड अडीच, टेम्पो साडेचार. झाले ६० हजार. जुनी मोटर विकून ४ परत. ५६. दुकानात नव्याचा भाव ७२. मी अण्णांच्या कानाशी लागलो, "अपघात झालेलं मशीन आहे म्हणा, किंमत पडेल." अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की चहा कडू झाला. हळूच म्हणाले, "बोटाचा भाव करायचा नसतो."

मिस्त्रींना त्यांनी फक्त हिशोब दाखवला. "जुनं घ्यायचं तर परवडाय पायजे, मिस्त्री." २८ हजारांवर व्यवहार ठरला. सगळं धरून ४६. भिशीपेक्षा एक हजार जास्त. माझा फीचा हप्ता त्या दातांत अडकला होता.

एसटीत परतताना अण्णा निम्म्या वाटेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "ते पातं तू करून दे. ते बसल्याबिगर मी मशीनला हात लावणार न्हाई." थोड्या वेळानं परत, "आन् ते उलटं टेबल मोडून टाकू."

सुट्टीत वर्कशॉपच्या सरांची परवानगी काढून पातं करायला घेतलं. ब्लेडचा पत्रा २.२ मिमी, दातांनी पडणारी फाट ३.२. पातं या दोन्हींच्या मधलं हवं. माझं पहिलं पातं ग्राइंडिंग करताना वाकलं. दुसऱ्याला चुकून साडेतीन मिमीचा पत्रा घेतला, लाकूड त्याला टेकून जागीच थांबलं. (अण्णा: "हे लाकूड थांबवायचं मशीन झालं की!") तिसरं अडीच मिमीचं. आतली कड ब्लेडच्या गोलाईला धरून, दातांपासून ८ मिमीवर. आमच्या मशीनमध्ये टेबल वरखाली होतं, ब्लेड जागेवरच राहतं, त्यामुळे एकदा बसवलं की अंतर बदलत नाही. त्याआधी शाफ्टच्या ब्लॉकचे बोल्ट सैल करून ब्लेड समांतर करून घेतलं. ०.६ चं ०.०५ वर आणलं. वरती झाकण बसवलं. स्विच टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानं दाबता येईल असा लावला. आणि बाभळीची एक लांब काठी खाच पाडून दोरीनं मशीनलाच बांधली, शेवटचा तुकडा हातानं ढकलायचा नाही म्हणून. या सगळ्याचा खर्च सातशे रुपये. चौदा कलमांच्या त्या यादीत याचा एक शब्द नव्हता!

सप्टेंबरमध्ये सबमिशनच्या धांदलीत अण्णांचा फोन आला. फी लेट फाईनसकट भरून झाली होती, एका बंगल्याच्या चौकटींच्या ॲडव्हान्समधून. मला वाटलं त्याबद्दलच असेल.

"आज एक फळी मिटली," ते म्हणाले. "पात्याला गच्च धरून बसली. मशीन बंद केलं, पाचर ठोकली, काढली."

"मग?"

"मग काय? कापली. जेवलास का?"