बाबा म्हणजे तू

ज्याला रोज नियमांच्या संगतीत बसावे लागते, त्याला ते कुणीतरी कधीतरी लिहिले असतील याचाच विसर पडतो. आम्हां केंद्र सरकारच्या कारकुनांचे मूलभूत नियम १९२२ सालापासून अमलात आहेत. त्यांतील पोटकलमे आणि खुलासे चाळता चाळता ते डोंगरासारखे स्वयंभू वाटू लागतात. फाइलीवर ‘नॉट अॅडमिसिबल’ असा शेरा मारताना आपण दोन शब्द लिहिले असे वाटत नाही. समोरच्याला भिंत दाखविली असे वाटते.

ही भिंत शब्दांची असते, याची आठवण मला एका खेळाने करून दिली. ‘बाबा इज यू’ हे त्याचे नाव. आर्वी तेइकारी या फिनलंडमधील तरुणाने २०१७ साली नॉर्डिक गेम जॅम या स्पर्धेत तो प्रथम रचला आणि स्पर्धा जिंकली. पुढे त्यावर सुमारे दोन वर्षे खपून मार्च २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

पडद्यावर बाबा नावाचा एक पांढरा प्राणी असतो. तो ससा की मेंढरू, हे ज्याचे त्याने ठरवावे. भोवती दगड, भिंती, निशाणे, आणि त्यांच्याच शेजारी शब्दांचे ठोकळे. ठोकळे एका ओळीत लागले की नियम तयार होतो : भिंत म्हणजे अडसर, निशाण म्हणजे विजय. बाबाने एक ठोकळा बाजूला ढकलला की वाक्य मोडते आणि भिंतीतून खुशाल पलीकडे जाता येते. ‘बाबा म्हणजे तू’ यातील ‘बाबा’च्या जागी ‘भिंत’ सरकवावी, तर बाबा जागीच उभा राहतो आणि भिंती चालू लागतात! आपल्याकडे भिंत चालवायला ज्ञानेश्वर व्हावे लागले; येथे एक ठोकळा पुरतो. मात्र काही नियम अगदी कोपऱ्यात मांडलेले असतात आणि ते काही केल्या हलत नाहीत. ते पाहून माझ्यासारख्याला घरच्यासारखे वाटते.

रसिकांनी त्याचे केलेले स्वागतही मौजेचे आहे. दोनशेहून अधिक कोडी, त्यांतील कित्येक दिवसेंदिवस न सुटणारी. तरी लोक त्यांच्यावर लुब्ध झाले, कारण उत्तर सापडते तेव्हा ते सारा वेळ डोळ्यांसमोरच होते असे ध्यानात येते. प्रसिद्धीपूर्वीच, २०१८ साली, इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला रचनेचे पारितोषिक मिळाले. कुणी या ठोकळ्यांतून गणनयंत्राची करामत मांडून दाखविली. नोव्हेंबर २०२१ मध्ये खेळातच कोडी रचण्याची सोय झाली, आणि खेळणारेच कोडेकार बनले.

आमच्या गुवाहाटीच्या बिऱ्हाडात हा खेळ आठ वर्षांच्या चिरंजीवांनी ताब्यात घेतला आहे. शाळेत त्याची हिंदी, गल्लीत असमिया; मराठी काय ती आमच्या दोन खोल्यांपुरती. ती किती दिवस टिकेल, हा घोर बदलीवरच्या कोणत्या आईबापांना नाही? एका संध्याकाळी तो या खेळाचे मराठी करू लागला. ‘बाबा तू आहेस’, ‘भिंत अडसर आहे’. लगेच थांबून म्हणाला, “बाबा, आपलं ‘आहे’ सारखं बदलतं. एक ठोकळा पुरणार नाही.” थोडा वेळ ओठ चावीत बसला, आणि मग, “‘म्हणजे’ चालेल! बाबा म्हणजे तू!”

व्याकरणाचे पुस्तक त्याने अद्याप पाहिलेले नाही. तरी आपल्या भाषेतील क्रियापद कर्त्याप्रमाणे वळते, हे त्याला कानाने ठाऊक होते, आणि त्यावर तोडगाही त्याच भाषेत सापडला.

या खेळात कोणताही नियम मोडावा. पण ‘तू’ कोण हे सांगणारे एकही वाक्य उरले नाही, तर सारे थिजते, आणि चाल मागे घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बदलीच्या हुकुमाबरोबर आमचीही वाक्ये मोडतात. ‘घर म्हणजे पुणे’ हे कधीच मोडले. उद्या ‘घर म्हणजे गुवाहाटी’ हेही मोडेल. त्याची मला आता फारशी धास्ती वाटत नाही. पुढच्या गावी सामान सोडताना पोर मला मराठीत हाक मारील, तेवढ्यावर आमचा खेळ पुढे चालेल.