रंगाखालचा पत्रा

अब्बांची पद्मिनी अजून चालते, याचं वाशिमात लोकांना नवल वाटतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. मूळचा डायनामो काढून आधीच्या मालकाने अल्टरनेटर बसवलेला. रेग्युलेटर मात्र वेगळा, बॉनेटखाली पत्र्यावर आवळलेला. माझ्या निकाहनंतर चार महिन्यांत या गाडीने दोन बॅटऱ्या खाल्ल्या. अम्मीने एकदा 'पायगुण' हा शब्द काढला. बायको स्वयंपाकघरात होती, तिने ऐकला.

बॅटरीचं पाणी आठवड्यात आटायचं. टर्मिनलवर हिरवट बुरशी चढायची, सडक्या अंड्यांचा वास यायचा, हेडलाइटचे बल्ब उडायचे. दुसरी बॅटरी गेली तेव्हा मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाई, गाडी जास्त चार्ज करतेय. हे गॅरंटीत बसत नाही." मला तो बहाणा वाटला. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला चोर म्हणालो. जुम्म्याला आम्ही एकाच सफेत उभे राहायचो. तेव्हापासून मी मागची सफ धरली.

मग एका गॅरेजने अल्टरनेटर बदलायला लावला. पैसे गेले, वास राहिला.

मंगरुळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर निघालो होतो. गावात शिरताना वास इतका वाढला, की एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनच्या टपरीपाशी थांबलो. त्याने आधी विडी विझवली. उकळत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. मग मीटर लावलं. इंजिन सुरू असताना बॅटरीवर 15.7 व्होल्ट. साडेचौदाच्या वर जायलाच नको.

मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या डबीवर टेकवली. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आलं 1.4.

"रेग्युलेटर बॅटरीले नाही पाह्यत भाऊ, त्याले सोताले किती भेटते ते पाह्यते. याची अर्थिंग कच्ची हाय. त्याले वाटते, आपण चौदाच देऊन राह्यलो."

त्याने स्क्रू काढले. डबीखाली क्रीम रंगाचा गुळगुळीत थर. निकाहसाठी अब्बांनी गाडी बॉनेटच्या आतूनसुद्धा रंगवून घेतली होती, आणि रेग्युलेटर स्वतःच्या हाताने परत बसवला होता. अब्बा खाली उतरले, रंगावर बोट फिरवलं. अम्मी मागच्या सीटवर, माझ्या बायकोशेजारी. कुणीच बोललं नाही.

पत्रा पॉलिश पेपरने घासला, डबीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड वायर टाकली. मीटर 14.2 वर थांबलं. शंभर रुपये झाले.

परतीच्या वाटेवर अम्मीने पान काढलं, पहिलं सुनेला दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरीच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "चूक माझी होती, माफ करा." त्याने चहा मागवला. मग म्हणाला, "भाई, त्या दिवशी चार लोकं होती."

मी बाकड्यावर बसून राहिलो, कुणी येतं का बघत.