निर्विवाद हजेरी

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे घरात कुणी पैसे मागितले, की तो बाप राहत नाही, कर्ज विभाग होतो. परवा आमच्या चिरंजीवांनी बेस गिटारची मागणी केली. सहा तारांची एक गिटार घरात होतीच. या नव्या गिटारीला तारा चारच आणि किंमत दुप्पट! वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हा हिशेब कसा पचावा?

"तारण काय देणार?" मी विचारलं.

त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "बाबा, हा अल्बम ऐका. मग बोला."

दोन वर्षं या मुलाच्या खोलीचं दार बंद असतं. आतून प्रथमच काहीतरी बाहेर आलं होतं, म्हणून ऐकायला बसलो.

अल्बमचं नाव 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स', साल १९९१. बँडचं नाव 'एथिस्ट', म्हणजे नास्तिक. आई देवघरात होती, म्हणून हे नाव मी मोठ्यानं उच्चारलं नाही. मंडळी अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. डेथ मेटल आणि थ्रॅश मेटल एकत्र करून त्याला जाझचं विरजण लावलेलं. थ्रॅश म्हणजे वेग आणि डेथ म्हणजे घशातली गुरगुर, असं चिरंजीवांनी समजावलं. पैकी गुरगुर मला काउंटरवर रोज ऐकायला मिळते. वेग मात्र आमच्याकडे नवा.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, मिक्सरमध्ये चमचा राहिला. तरी नेटानं तीनदा ऐकलं आणि रीतसर छाननी केली.

आधी नावे बाजू. गायक केली शेफर सारखा करवादतो; आठही गाण्यांत तो रागावलेलाच. गिटारींचा आवाज कोरडा, जरासा किरटा. आणि मुख्य दोष म्हणजे घाई. एखादी चाल मनात बसते न बसते, तोच तिची बदली! बदलीचा हुकूम हातात पडेपर्यंत दुसरीही गेलेली असते. पहिल्या ऐकण्यात सगळी गाणी एकाच गाण्याच्या झेरॉक्स प्रती वाटतात.

आता जमा बाजू. आठ गाणी मिळून जेमतेम ३२ मिनिटं. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये एवढ्या वेळात प्रास्ताविकही संपत नाही. ढोलवाला स्टीव्ह फ्लिन नुसता बडवत नाही, तालाशी खेळतो. पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला शांत गिटार येते आणि वळवाची सर थांबल्यासारखं वाटतं. आणि तो बेस! एरवी असल्या संगीतात बेस म्हणजे मागच्या टेबलावरचा कारकून: असतो, पण दिसत नाही. इथे तो पुढे येऊन बोलतो, वाद घालतो, कधी चक्क नाचतो.

"वाजवतो कोण हा?" मी विचारलं.

"टोनी चॉय. पण बाबा, हे सगळं मुळात रॉजर पॅटरसनचं. त्यानंच हा बेस रचत आणला होता. रेकॉर्डिंगच्या आधी, १९९१ मध्येच, दौऱ्यावरून परतताना गाडीला अपघात झाला आणि तो गेला. मग टोनीनं ते शिकून वाजवलं."

मी हेडफोन काढून ठेवला. आमच्या शाखेत एक सहकारी मार्चअखेरीला गेला. त्याचं अर्धं राहिलेलं काम माझ्याकडे आलं होतं. जागोजागी पेन्सिलीनं केलेल्या त्याच्या बारीक खुणा होत्या. त्यांच्या आधारानं मी हिशेब जुळवला. खाली सही माझी, पण जुळवणारा तोच. मस्टरवर नाव नसताना लागते ती खरी निर्विवाद हजेरी. हे आमच्या अंगठा घेणाऱ्या यंत्राला कधी कळायचं नाही.

अल्बम आवडला का? तीन गाणी आवडली, पाच अजून सस्पेन्स खात्यात आहेत. पण घाईचा दोष मी नावे बाजूतून खोडला. एवढं सगळं सांगायचं असलेल्या माणसाला घाई असणारच.

कर्ज मंजूर केलं. व्याज नाही, हप्ते नाहीत. अट एकच: वाजवताना खोलीचं दार उघडं ठेवायचं.

आता रोज संध्याकाळी आमचं दार उघडं असतं. शेजारचे निवृत्त मास्तर मात्र त्यांचं लावून घेतात.