तिहुआना : सीमेपलीकडे शल्यविशारद शोधताना

सॅन दिएगो शहराच्या मध्यभागातून निघालेली लाल ट्रॉली दक्षिणेकडे धावत जाते आणि सान इसिद्रो या शेवटच्या थांब्यावर प्रवाशांना उतरवते. तेथून पुढे अमेरिका पायी ओलांडायची. लोखंडी फिरते दार, पारपत्र पाहणारा अधिकारी, थोडा उतार, आणि आपण मेक्सिकोतील तिहुआना शहरात येऊन पोहोचतो. पश्चिम गोलार्धातील सर्वाधिक वर्दळीची भू-सीमा म्हणून ही जागा ओळखली जाते. वाचकहो, या गर्दीत काही माणसे निराळी दिसतात. त्यांच्या काखेत तपासण्यांची फाइल असते, सोबत पती, पत्नी किंवा वृद्ध आई असते आणि चालण्यात जडपणा असतो. कोणी दातांसाठी आलेला असतो, कोणी डोळ्यांसाठी. पण फार मोठ्या संख्येने लोक येथे येतात ते वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी.

या गावाच्या इतिहासाकडे पाहता ही गोष्ट गमतीची वाटते. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती आणि अमेरिकन माणूस खाण्यापिण्याची हौस भागवण्यासाठी सीमा ओलांडून तिहुआनात येई. जगभर प्रसिद्ध झालेली सीझर सॅलड याच काळात, येथील आवेनिदा रेव्होलुसिओन या रस्त्यावर जन्मली असे मानतात. आज त्याच रस्त्यावर औषधांची दुकाने ओळीने उभी आहेत, पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी गाढवाच्या अंगावर झेब्र्याचे पट्टे रंगवलेले आहेत, आणि एके काळी जेवायला येणाऱ्यांची नातवंडे जठर लहान करून घेण्यासाठी येत आहेत.

मी तेथे गेलो, त्याला एक निमित्त होते. माझ्या दवाखान्यात गेली अनेक वर्षे येणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेत राहतो. वय ४२, वजन १३८ किलो, मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकण्याचा विकार. त्याच्या विमा योजनेत स्थूलत्वाची शस्त्रक्रिया वगळलेली होती. अमेरिकेत स्वतःच्या खिशातून ही शस्त्रक्रिया करायची तर साधारण १५ ते २५ हजार डॉलर लागतात; तिहुआनातील जाहिराती ४ ते ६ हजारांच्या घरातील आकडे सांगतात. मुलाने तिहुआनाचा निर्णय जवळजवळ पक्का केला आणि सेवेसाठी आईला बोलावले. काकू माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “डॉक्टर, त्याच्या उशाशी बसून मी नेमकं काय बघायचं?” माझा सॅन दिएगोचा प्रवास आधीच ठरलेला होता. त्यातला एक दिवस मी तिहुआनासाठी राखून ठेवला.

पाटी वाचताना

सीमेजवळचा सोना रिओ हा नदीकाठचा भाग म्हणजे तिहुआनाचा आधुनिक चेहरा. ‘वीरांचा मार्ग’ असे नाव असलेल्या रुंद रस्त्यावरील वर्तुळांत क्वाउतेमोक या आझ्टेक राजाचा आणि अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. पुढे सांस्कृतिक केंद्राचा भलामोठा गोल घुमट दिसतो, ज्याला गावकरी नुसते ‘चेंडू’ म्हणतात. याच परिसरात काचेच्या उंच इमारतींत आणि लहानशा दुमजली घरांतही रुग्णालये आहेत. पाटीवर इंग्रजी मोठे, स्पॅनिश लहान. बाहेरून पाहणाऱ्याला चांगले कोणते आणि सुमार कोणते, हे कळण्याची सोय नाही.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. मेक्सिकोत वैद्यकाच्या पहिल्या पदवीचेच नाव ‘मेदिको सिरुहानो’, म्हणजे ‘वैद्य आणि शल्यचिकित्सक’, असे आहे. ही पदवी असलेला डॉक्टर शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ असतोच असे नाही. याचे नवल वाटू नये. माझ्या एमबीबीएस या पदवीतही ‘शल्यशास्त्राचा स्नातक’ हे शब्द आहेतच. म्हणून उद्या मी कोणाचे पोट उघडावे असे कोणी म्हणणार नाही. मेक्सिकोत प्रत्येक व्यावसायिकाला शासनाकडून ‘सेदुला’ नावाचा नोंदणी क्रमांक मिळतो. खऱ्या तज्ज्ञाकडे मूळ पदवीचा एक आणि विशेष शिक्षणाचा दुसरा, असे किमान दोन क्रमांक असतात. ही नोंदवही तेथील शिक्षण मंत्रालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. संगणकावर नाव घालून कोणालाही पाहता येते. मात्र मेक्सिकोत माणूस वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लावतो आणि जाहिरातीत बहुधा एकच असते. म्हणून शल्यविशारदाचे संपूर्ण नाव मागून घ्यावे. सामान्य शल्यचिकित्सेच्या मेक्सिकन परिषदेचे प्रमाणपत्रही विचारावे. त्याचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे त्यावरची तारीख पाहावी.

काकूंच्या मुलाने प्रथम निवडलेल्या ठिकाणी नेमके येथेच अडले. त्याच्याशी बोलत असे ती ‘समन्वयक’ बाई. विमानतळावरून नेणारी गाडी, हॉटेलची खोली, हप्त्यांची सोय, सारे तिला तोंडपाठ होते. पण शल्यविशारदाचे पूर्ण नाव तिने तीन वेळा विचारूनही दिले नाही. “आमचे सगळेच उत्तम आहेत,” एवढेच उत्तर आले. तो पर्याय आम्ही तेथेच सोडला. समन्वयक असणे गैर नाही. परंतु अनेक समन्वयकांना रुग्णामागे मोबदला मिळतो, हे विसरू नये. पैसे भरण्यापूर्वी खुद्द शल्यविशारदाशी बोलणे झालेच पाहिजे. तुमची औषधे, जुने आजार, घोरणे यांविषयी तो किती प्रश्न विचारतो, ते मोजावे. काहीही न विचारता तारीख देणाऱ्यापासून दूर राहावे.

भिंतींच्या आत

त्या दिवशी मी दोन रुग्णालये पाहिली. पहिल्यात मला खोलीतील मोठा दूरचित्रवाणी संच आणि नातेवाइकांसाठीचा सोफा कौतुकाने दाखवण्यात आला. अतिदक्षता विभागाविषयी विचारताच, “गरज पडली तर दुसरीकडे हलवतो,” असे सांगितले. कोठे, ते सांगता आले नाही. दुसऱ्या ठिकाणी इमारत साधी होती. तेथील परिचारिकेने अतिदक्षतेच्या खाटा, सीटी स्कॅनचे यंत्र आणि रक्ताची सोय दाखवली, रात्री कोणता डॉक्टर हजर असतो हे सांगितले, आणि खोली दाखवायला ती विसरलीच.

निर्जंतुकीकरणाचा प्रश्न विचारायला संकोच करू नये. २०१८ आणि २०१९ मध्ये तिहुआनात शस्त्रक्रिया करून अमेरिकेत परतलेल्या काही रुग्णांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग झाला. नेहमीच्या जालीम प्रतिजैविकांनाही हा जंतू दाद देत नव्हता. यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया वजन कमी करण्याचीच होती, आणि त्यांतले अनेक जण एकाच रुग्णालयातले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला प्रवाशांसाठी जाहीर इशारा द्यावा लागला. याचा अर्थ तिहुआनातील सारीच रुग्णालये वाईट, असा नाही. तेथे वर्षानुवर्षे हेच काम निष्ठेने करणारे कुशल शल्यविशारद आहेत. अर्थ इतकाच की शल्यविशारदाचा हात कितीही कसलेला असला तरी उपकरणे धुणारा कर्मचारी, भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीची परिचारिका हे सारे तुमच्या निवडीचाच भाग असतात.

शस्त्रक्रिया कोणती, हेही समजून घ्यावे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. तीव्र आम्लपित्त असलेल्याला स्लीव्हने त्रास वाढू शकतो. एकच शस्त्रक्रिया सर्वांना सुचवणारा विक्रेता ओळखावा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेची शिफारस होते, आणि आशियाई व्यक्तींसाठी हा उंबरठा २७.५ इतका खाली आणला आहे. ज्येष्ठांसाठी वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. पण वयापेक्षा अशक्तपणा पाहावा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येत नसेल, स्नायू झिजले असतील, तर वजनाबरोबर उरलेली ताकदही जाण्याची भीती असते.

उशाशी बसणाऱ्याने

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. शस्त्रक्रिया तास-दीड तासात आटोपते; रुग्णाला दोन-तीन दिवसांत हॉटेलवर पाठवतात. जठराच्या शिवणीतून गळती, पायात रक्ताची गुठळी, शरीरातील पाणी कमी होणे हे धोके बहुधा त्यानंतरच डोके वर काढतात. म्हणून सेवेकऱ्याने सोबत तापमापक, ऑक्सिमीटर आणि वही ठेवावी. नाडी शांत बसलेली असताना १२० च्या वर जात असेल, ताप असेल, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढती कळ असेल, धाप लागत असेल किंवा एका पायाला सूज आली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. लघवी किती वेळा आणि किती गडद झाली, याची नोंद ठेवावी. पाणी घोटाघोटाने, पण दिवसभर पाजावे. आपल्या शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी : पहिल्या दिवसांत तेथे ‘काल्दो’ म्हणून जे पातळ सार देतात ते बहुधा कोंबडीचे असते. भाज्यांचे सार मिळेल का, हे आधी विचारावे, नाहीतर रुग्ण संकोचाने उपाशी राहतो आणि पाणीही कमी पितो.

घाईने परतण्याचा मोह टाळावा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १० दिवस विमानप्रवास करू नये, असा रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. सीमेवरून अमेरिकेत परततानाची रांग कधी कधी तासन्‌तास चालते. वैद्यकीय रुग्णांच्या मोटारींसाठी वेगळी मार्गिका आहे; तिचा परवाना रुग्णालयाकडून मिळतो का, ते आधीच ठरवून घ्यावे आणि वाटेत पावले हलवत राहावे. भारतीय पारपत्रधारकाने अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा वैध व्हिसा हाती असल्याची खात्री सीमा ओलांडण्यापूर्वीच करावी.

काकूंच्या मुलाची शस्त्रक्रिया त्या दुसऱ्या, साध्या इमारतीत झाली. काकूंनी हट्टाने दहा दिवसांची खोली घेतली होती. चौथ्या दिवशी वहीत लघवीची नोंद फक्त एकदाची होती, जीभ कोरडी होती आणि नाडी ११६. इंग्रजी बेताचेच, तरी रात्री अकराला त्यांनी दिलेला क्रमांक फिरवला. शल्यविशारद बाईंनी स्वतः उचलला. अर्ध्या तासात मुलगा परत रुग्णालयात होता. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली नाही. सलाइनच्या बाटल्या लागल्या आणि तिसऱ्या दिवशी तो चालता झाला. तो फोन न उचलला जाता तर काय, हा विचार काकू अजून करतात.

परतल्यानंतर

या शस्त्रक्रियेनंतरची देखरेख आयुष्यभराची असते, आणि ती तिहुआनातून होत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या गावच्या डॉक्टरला विश्वासात घ्यावे. परतताना शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल इंग्रजीत, वापरलेल्या उपकरणांच्या नोंदींसह घ्यावा. पुढे कधी पोट दुखले तर तोच कागद डॉक्टरला वाट दाखवतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. उलट्या थांबत नसतील तर बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा थांबू नये. मधुमेहाच्या औषधांची, विशेषतः इन्सुलिनची, गरज पहिल्याच आठवड्यात झपाट्याने उतरते. जुन्याच मात्रेने साखर धोकादायक खाली जाते. बायपास झालेल्यांनी गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. जोडाच्या जागी व्रण होतो.

परदेशस्थ मुले हीच शस्त्रक्रिया करून घ्यायला पुण्या-मुंबईतही येतात. त्यांच्यासाठी तिहुआना म्हणजे आपलेच गाव, आणि प्रश्न तेच : पूर्ण नाव काय, नोंदणी कोठे पाहू, अतिदक्षता विभाग कोठे, रात्री फोन कोण उचलणार, गुंतागुंत झाल्यास खर्च कोणाचा, मी परत गेल्यावर कोणाकडे जाऊ? ही सहा उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. एखादे कोरे राहिले, तर आगाऊ रक्कम भरण्याचे तेवढे दिवस लांबवावे. जाहिरातीतली सवलत संपेल, असे सांगितले जाईल. संपू द्यावी.